पगाऱ्यांची फडकी

निखिल, परवा फोनवर तू नवी गाडी दाखवलीस. काळीभोर. दुपारभर खपून तू तिला मेण लावलं होतंस आणि ऊन कलल्यावर तिच्या अंगभर पांढुरके फराटे उमटले होते. "आजी, झेब्रा झाला बघ," असं तू म्हणालास आणि मागून रेवा हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला एका जागी बसवेना. भांडी लावून झालेली होती, ती पुन्हा लावली. गॅलरीत जाऊन आले. आजोबांच्या काळ्या गाडीला असं व्हायचं का, हा तुझा प्रश्न साधा होता. उत्तर साधं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. माझं अक्षर तुम्हा भावंडांना लागणार नाही, तुमची आई वाचून दाखवेल. मध्येच थांबवून तिला काही विचारू नका. तिलाही यातलं सगळं ठाऊक नाही.

दौलत पगारे आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा गाडी घरी येऊन आठच दिवस झाले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आजोबा अंबडच्या एका कारखान्यात वर्क्स मॅनेजर होते, मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि कॉलेज रोडला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. गाडी मुंबईहून घेतलेली जुनी, काळी अँबॅसिडर. नाशिकच्या धुळीत काळी गाडी घेऊ नका असं ज्याने त्याने सांगितलं होतं, बहुधा म्हणूनच आजोबांनी ती घेतली. पहिल्याच रविवारी भर बारा वाजता, डोक्यावर टॉवेल टाकून, त्यांनी तिला एका दमात नखशिखांत मेण फासलं आणि घाम गाळत पुसलं.

पगारे त्यांच्याच कारखान्यात रंगखात्यात स्प्रे मारायचे. त्या दिवशी ते स्टोअरची किल्ली द्यायला आले होते. फाटकाला सायकल टेकवली आणि किल्ली हातात तशीच ठेवून गाडीभोवती चालू लागले. एक फेरी, दोन, तीन. मग उकिडवे बसले, दाराला गाल लागेल इतकं तोंड जवळ नेलं आणि एक डोळा मिटून पार मागच्या दिव्यापर्यंत नजर टाकली.

"साहेब, हे कोणी केलं?"

"मीच."

"बरं," पगारे म्हणाले. आणखी अर्धी फेरी मारली. "हाताला लय जोर हाय साहेब तुमच्या."

आजोबांना ती स्तुती वाटली. पगारे माझ्याकडे वळले. "घरात एखादं जुनं धोतर असंल का बाई? लय जुनं. टाकायला झालेलं."

माझ्या सासऱ्यांचं एक होतं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. पगाऱ्यांनी ते गालाला लावून पाहिलं, मान हलवली, टरकन फाडून त्याचे आठ तुकडे केले आणि गाडी ढकलत आंब्याच्या सावलीत न्यायला लावली. संध्याकाळी त्या गाडीच्या दारात मी माझा चेहरा पाहिला, अगदी कानातल्या कुड्यांसकट. किल्ली त्यांच्या खिशातच राहिली होती. ती परत द्यायला ते अर्ध्या रस्त्यातून उलटे आले.

पुढे पाच-सहा वर्षं ते दर पंधरा दिवसांनी रविवारी यायचे. चांदवडकडचे मूळचे, शहरात येऊन बरीच वर्षं झालेली, नाशिकरोडला बौद्ध वस्तीत दोन खोल्या. उंच, कातडी आणि हाडं यांच्यात फारसं काही नाही, आणि कधीही स्थिर नाहीत. चहा दिला की बशी हातात धरून गाडीभोवती फिरत प्यायचे. कप चुकूनही बॉनेटवर ठेवायचे नाहीत, खाली मातीतही ठेवायचे नाहीत. शेवटचा घोट होईपर्यंत फिरत राहायचे. मी म्हणे, "पगारे, बसा की." ते म्हणत, "बसतो बसतो," आणि पुढच्या मडगार्डापाशी जात. मला वाटायचं, स्वभाव.

कामाला लागण्याआधी ते शर्ट काढून सायकलवर टाकायचे, पट्टा काढायचे, हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे द्यायचे आणि बनियन उलटा करून घालायचे. पहिल्यांदा मी बघितलं तेव्हा न राहवून सांगितलं, "पगारे, बनियन उलटा झालाय."

"सुलटाच हाय बाई. शिवण आत असली की मला टोचती, बाहेर असली की गाडीला. मंग कोणाचं बघायचं?" पण शिवण तर आता बाहेर आली होती. मी ते दाखवून दिलं. पगाऱ्यांनी बनियनकडे पाहिलं, विचार केला, तो काढून पुन्हा सुलटा घातला आणि म्हणाले, "म्हंजी इतकी वर्षं मी उलटंच करीत होतो." त्यानंतर कितीतरी रविवार ते आल्या आल्या मला बनियन दाखवून विचारायचे, "बाई, पास का?"

आता निखिल, तुझ्या कामाचं. पगारे पहिल्यांदा पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, तापलेल्या मुलाचं कपाळ बघतात तशी. पत्रा गरम असला तर मेण लावता लावता भाजून बसतं; मग ते निघत नाही, नुसतं इकडून तिकडे फिरतं. तुझं तेच झालं आहे. एका वेळी हातभर तुकडा. मेण किती, तर पापड लाटताना पोळपाटाला आपण तेलाचं बोट फिरवतो तेवढं. "जास्ती लावलं म्हंजी जास्ती चमकतं असं नाय बाई. जास्ती लावलं म्हंजी जास्ती पुसावं लागतं." हात गाडीच्या लांबीने सरळ, गोल कधी नाही. मग थांबायचं, आणि हे थांबणं त्यांना सगळ्यात जड जायचं. फाटकापर्यंत जाऊन यायचे, आंब्याची पानं मोजायचे. मग बोट ओढून बघायचे. बोटामागे स्वच्छ काळी रेघ आली तर वाळलं. बोट चिकटलं तर पुन्हा फाटकापर्यंत. डिसेंबरात या फेऱ्या वाढायच्या, आणि पावसाळ्यात तर ते डबाच उघडायचे नाहीत. पुसायचं फडकं आठ घड्यांचं. एक पदर एकदाच, मग दुसरा. फटींत आणि नावाच्या अक्षरांत अडकलेलं पांढरं काढायला आजोबांचा जुना दाढीचा ब्रश. आणि सर्वांत शेवटी एक वेगळं फडकं, पाण्यात बुडवून इतकं पिळलेलं की ते ओलं आहे हे सांगावं लागे. ते अलगद फिरवायचं आणि मागोमाग कोरडं. मग गाडी उन्हात ढकलायची आणि उकिडवं बसून, एक डोळा मिटून, कडेने बघायचं.

"पांढरी गाडी मुकी असती बाई," ते म्हणायचे. "ही चुगलखोर. आपण काय केलं ते सगळं जगाला सांगती."

फडकी, मेण आणि ब्रश एका बिस्किटाच्या डब्यात, आणि तो डबा आमच्या कोठीच्या खोलीत. त्यांच्या घरी चूल होती, राख उडायची. माझ्या कोठीत सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या असायच्या. त्यांच्या डब्यावरही मी 'पगारे' अशी चिठ्ठी लावली होती. फडकी ते स्वतः रिठ्याच्या पाण्यात धुवायचे आणि आमच्या तारेवर एका कडेला वाळत घालायचे. "ह्याला फक्त माझा हात," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. एकदाच. दुसऱ्यांदा सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

एका बुद्धपौर्णिमेला ते खिरीचा डबा घेऊन सकाळी आले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, केसांना तेल, सोबत त्यांच्या बायको सुमनबाई, त्याही पांढऱ्या साडीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना आमच्या दारात कामाशिवाय उभं असलेलं पाहिलं. खीर देऊन निघाले आणि फाटकापाशी थबकले. गाडीच्या टपावर कबुतराने घाण केली होती.

"चला," सुमनबाई म्हणाल्या.

"चल की. मी काय बघतोय?"

"तेच बघताय तुम्ही."

ते सायकलपर्यंत गेले. सायकलवर टांग टाकली. उतरले. "बाई, जरा डबा देता का?" पुढचा पाऊण तास सुमनबाई माझ्याबरोबर ओट्यावर बसून होत्या. "लग्नात मला ह्यांनी इतक्यांदा बघितलं नाय," त्या म्हणाल्या. पगारे परत आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर मेणाचा लांब पट्टा होता आणि टप असा झाला होता की त्यात आंबा दिसत होता.

डोळ्याचं मला कळलं ते एका जानेवारीत. चहा पिता पिता ते नेहमीसारखे उकिडवे बसून दाराकडे बघत होते, पण आज डावा मिटून उजव्याने पाहिलं, मग उजवा मिटून डाव्याने, आणि हे पुन्हा पुन्हा. मी विचारलं. ते उठून दुसऱ्या बाजूला गेले. मी मागे गेले.

"डाव्यानं धुकं दिसतं बाई. सकाळी जास्ती. डॉक्टर म्हणला, रंगाच्या वाफेतून बाहेर निघा, नायतर दोन्हींचं हेच होईल." मग हलक्या आवाजात, "साहेबांना नका सांगू. बदलीवाल्याचा डोळा खराब म्हणलं की दुसऱ्या दिवशी बोलावणार नाय."

अकरा वर्षं ते कारखान्यात बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत. मी आजोबांना डोळ्याचं सांगितलं नाही, पण पगाऱ्यांना रंगखात्यातून बाहेर काढता येईल का, एवढं विचारलं. योग असा की त्याच महिन्यात मुंबईच्या शेठनी कारखान्यासाठी नवी गाडी पाठवली होती, गडद निळी, रात्रीच्या आभाळासारखी. तिची आणि इतर गाड्यांची देखभाल करायला एक कायमचा माणूस घ्यायचा होता. आजोबांनी पगाऱ्यांचं नाव सुचवलं. शेठच्या ड्रायव्हरने आपल्या मेव्हण्याचं सुचवलं. शेठ म्हणाले, फेब्रुवारीत परदेशी पाहुणे येतील, गाडी पगाऱ्यांनी तयार करावी, बघू.

म्हणजे त्या एका सकाळवर पगाऱ्यांचं सगळं होतं. काम झालं तर कायमची नोकरी, मोकळी हवा आणि उरलेला डोळा. ते त्या महिन्यात आमच्याकडे चार रविवार लागोपाठ आले. आमच्या गाडीवर हात बसवून घेत होते, जशा मुली परीक्षेआधी वह्या उलटसुलट वाचतात.

पाहुणे शनिवारी यायचे होते. गुरुवारी मी कोठी आवरायला काढली. पगाऱ्यांचा डबा उघडला, आतली फडकी बघितली. मेणाने करडी पडली होती. इतक्या मोठ्या कामाला ही फडकी, असं मला वाटलं. माझं घर नीटनेटकं आहे अशी ख्याती होती, आणि त्या ख्यातीचा मला अभिमान होता. मी ती फडकी गरम पाण्यात भिजवली, साबणाने धुतली, तीन पाण्यांतून खळबळली. शुभ्र झाली. मग घरातल्या सगळ्या पांढऱ्या सुती कपड्यांबरोबर वाळत घातली. आमच्याकडे दर आठवड्याला साड्यांना आणि आजोबांच्या सदऱ्यांना भाताच्या पेजेची खळ व्हायची, आणि पांढरं सुती जे काही असेल ते शेवटी त्या बादलीतून निघायचं. इतकं शेवटी की खळ पाण्यासारखी पातळ झालेली असायची. ते हाताच्या सवयीने झालं. ती बादली माझ्या लक्षातही राहिली नाही.

शनिवारी पहाटे पगारे डबा न्यायला आले. उघडून पाहिलं आणि थबकले.

"बाई, फडकी धुतली?"

"तीनदा खळबळून."

त्यांनी एक गालाला लावलं. "जरा करकरीत वाटतंय."

"उन्हात वाळलीत ना."

"पाणी कसलं व्हतं?"

"नळाचं," मी म्हणाले.

ते क्षणभर उभे राहिले. हातातल्या हातात फडकं चुरगळून पाहिलं. ते मऊ झालं. "बाईंनी धुतली म्हंजी झालं," असं म्हणून डबा कॅरियरला बांधून ते गेले.

नऊ वाजता आम्ही चार-पाच अधिकाऱ्यांच्या बायका कारखान्याच्या गेटपाशी हार आणि ताटं घेऊन उभ्या होतो. गाडी शेडमध्ये होती. शेठ येईपर्यंत ती बाहेर काढायची नाही, असं वॉचमनला सांगितलेलं, त्यामुळे पगाऱ्यांना ती उन्हात घेऊन बघता आली नव्हती. शेडमध्ये एक ट्यूबलाइट. त्या उजेडात ती आरशासारखी दिसत होती, असं नंतर आजोबांनी सांगितलं. शेठ आले, पाहुणे आले, ड्रायव्हरने गाडी बाहेर काढली आणि गेटपाशी तिरप्या उन्हात उभी केली.

टपापासून डिकीपर्यंत गोगलगाई फिरून गेल्यासारखे माग होते. पांढरट, चकाकणारे, प्रत्येक हात कुठून कुठे गेला ते दाखवणारे.

"यह क्या है?" शेठ म्हणाले. "पाउडर लगाया है क्या?"

पगारे पुढे धावले. खांद्यावरच्या फडक्याने दार पुसलं. माग गेला नाही, रुंद झाला. त्यांनी फडक्याचा दुसरा पदर घेतला, त्यावर तोंडाची वाफ टाकली, पुन्हा पुसलं, आणखी वाढला. ते दुसऱ्या बाजूला गेले. तिथून मागे. तिथून परत. सगळे बघत होते आणि ते गाडीभोवती फिरत होते.

"त्याला धड दिसतच नाय साहेब," ड्रायव्हर म्हणाला. मोठ्याने नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. शेडमध्ये त्यांना आळीपाळीने डोळे मिटून बघताना त्याने पाहिलं असणार.

तेव्हा पगारे थांबले. त्यांनी हाताने उजवा डोळा झाकला आणि गाडीकडे पाहिलं. मग डावा झाकला आणि पाहिलं. हात खाली घेतला. फडकं खिशात कोंबलं आणि शेडच्या मागून निघून गेले. माझ्या हातात ताट होतं, त्यातलं निरांजन विझलेलं मला नंतर दिसलं.

रविवारी आजोबांनी शेडमध्ये राहिलेला डबा घरी आणून ठेवला. फडकी आत ओली कोंबलेली होती ती वाळली होती. मी एक उलगडलं आणि ते कागदासारखं कडकडलं. मला तेव्हाच समजलं. तरीही मी औषधांच्या कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि एक थेंब फडक्यावर टाकला. बटाट्याच्या फोडीवर हाच थेंब टाकून दरवर्षी मी मुलींना पिष्ट ओळखायला शिकवत होते. फडक्यावर निळाकाळा डाग पसरला. खळ. ओल्या फडक्यातून ती गाडीवर उतरली होती, आणि उन्हात वाळून दिसली होती. डोळ्याचा काही संबंध नव्हता.

वर्गात मी सांगायची, चूक झाली की लगेच सांगा, वाट बघू नका. मी वाट बघितली. पहिल्या बुधवारी मी नाशिकरोडची बस पकडली, दोन स्टॉप आधी उतरले, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. या वेळी वांगी. घरात भाजी सडत होती. रात्री आजोबा विचारायचे, "काय झालंय तुला?" मी म्हणायची, पेपर तपासायचेत. स्वतःला समजावायची की त्या जागेवर माणूस ठरून गेलाय, आता सांगून काय मिळणार. खरं कारण असं नव्हतं. माझं धुणं चुकलं हे कोणाला, विशेषतः त्यांना, कळायला नको होतं. इतकं क्षुल्लक होतं ते. म्हणूनच तुमच्या आईला मी हे कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या शनिवारी जेवताना आजोबा म्हणाले, "पगाऱ्यांना आता गेटवरही बोलावत नाहीत. डोळ्याचं सगळीकडे झालंय." मी घास खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी जा. मी सोडतो." मी म्हटलं, बसने जाईन.

सुमनबाईंनी दार उघडलं. आतल्या खोलीत पगारे खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर ओली पट्टी. मी पगाऱ्यांना बसलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तेव्हा माझ्या मनात आलं की आमच्या ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. बसा, असं मी सहा वर्षं म्हणत होते. खुर्ची पुढे कधी ओढली नव्हती.

"कोण?"

"मी. बाई."

त्यांनी पट्टी काढली. मी पिशवीतून ते फडकं काढलं, डाग दाखवला आणि सांगितलं. सगळं, बादलीसकट. त्यांनी फडकं बोटांत चोळून पाहिलं.

"खळ होय?" ते म्हणाले. "जिनं कागद चिकटवतात ती?"

"तीच. पातळ."

"म्हंजी डोळ्याचं नाय."

"डोळ्याचं नाही. तुमचं काम बरोबर होतं."

ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले, खिडकीशी गेले. सुमनबाई चुलीपाशी उभ्याच होत्या.

"तुम्हाला कधी कळलं, बाई?"

"दुसऱ्या दिवशी."

"रविवारी."

"हो."

"आज?"

"एकवीस दिवस झाले."

पगाऱ्यांचा आवाज चढला नाही. "नोकरीचं जाऊ द्या. ती कदाचित तशी बी गेली असती, मेव्हणा ठरल्यालाच व्हता. पण एकवीस दिवस मी आंधळा व्हतो, बाई. दिसत व्हतं तरी."

"भाकरी हातात द्यायला लागायची ह्यांना," सुमनबाई म्हणाल्या. "म्हणायचे, मला ताट नीट दिसत नाय."

मी माफी मागितली. सुमनबाईंनी चहा केला, मला खाटेवर बसवलं, आणि पगारे बशी हातात घेऊन त्या दोन खोल्यांमध्ये फिरत राहिले.

आजोबांनी शेठना पत्र लिहिलं. जागा भरली होती. रंगखात्यात मी परत घेतो, असा निरोप त्यांनी पगाऱ्यांना पाठवला. त्या वाफेत पुन्हा नाही, असं उत्तर आलं. रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्याही नाहीत. आमची गाडी आजोबा पुसायचे. तिची अवस्था तुझ्या गाडीसारखी झाली.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी फाटक वाजलं. पगारे डबा न्यायला आले होते. मी डबा दिला. खुर्ची आधीच पुढे ओढून ठेवली होती. ते खुर्चीकडे बघून म्हणाले, "बसतो बसतो," आणि वळले. वळताना गाडी दिसली. दोन पावलं पुढे गेले, थांबले, मान फिरवली. मग डबा उघडला. फडकी मी आत ठेवली नव्हती; ती जाळून टाकली होती. त्यांनी खिशातून आपलं काढलं. फक्त बॉनेट केलं. सावलीत, सरळ हाताने, मध्ये फाटकापर्यंत दोन फेऱ्या मारून. बाकी गाडीला हात लावला नाही. मग गेले. पुढे महिनाभर आमची गाडी पुढून आरसा आणि मागून झेब्रा होती, आणि आजोबा ती तशीच चालवायचे. ते बॉनेट पुसायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

आणखी तीन-चार वर्षांनी आम्ही ती गाडी विकून पांढरी घेतली. त्या पांढऱ्या गाडीने चांदवडला एका लग्नाला निघालो होतो. हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती, म्हणून आम्ही हळूहळू पुढे सरकत होतो. डाव्या हाताला एका टायरच्या दुकानाशेजारी पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंनी गोणपाट लावून केलेली सावली. आत एक काळी टॅक्सी. बाहेर पाटी, रंग मारणाऱ्या हाताने सुबक लिहिलेली: 'काळ्या व गडद गाड्या पॉलिश करून मिळतील. आपली फडकी आणू नयेत.'

आजोबांनी वाचली. मीही. "थांबू?" त्यांनी विचारलं.

छपराखाली पगारे होते. जाड भिंगांचा चष्मा, बनियन. चष्मा काढून त्यांनी तो खांबाच्या खिळ्याला अडकवला, उकिडवे बसले आणि दाराला गाल लागेल इतकं तोंड जवळ नेलं. समोरचा ट्रक हलला, मागच्याने हॉर्न दिला. मला उतरायचं होतं. उतरून काय म्हणणार होते, ते अजून मला ठाऊक नाही. "चला," मी म्हणाले.

मी मागे वळून बघत राहिले. पगाऱ्यांनी हात उचलला आणि उजवा डोळा झाकला. पाहिलं. मग डावा झाकला, पाहिलं. मग उठले आणि फडक्याचा पदर बदलत गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.